तीन डॉक्टर, तीन मतं: घरात एमईएन-१ आहे, पॅराथायरॉइड किती काढायच्या?

मलप्रभेकाठी (धागाकर्ती)

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २७. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वर. काजू आणि थोडं भात. त्याला विशीच्या आतच मुतखडा झाला, नंतर पुन्हा पुन्हा झाला. दर वेळी खडा काढून "पाणी भरपूर प्या, पालक-टोमॅटो बंद" असं सांगून घरी पाठवायचे. यंदा एका तरुण डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम बघितलं, ११.८, म्हणजे वाढलेलं. मग पीटीएच, म्हणजे गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचं कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक, बघितलं तर १६२. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा ६५ आहे.

बाबांना आयुष्यभर अल्सर. पोटाचं ऑपरेशन झालेलं, ५२ व्या वर्षी गेले. आत्या गडहिंग्लजला असते, तिला मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ आहे म्हणून कित्येक वर्षं आठवड्याला दोनदा गोळी चालू आहे. हे सगळं एंडोक्रायनच्या, म्हणजे ग्रंथींच्या, डॉक्टरांनी एका कागदावर झाडासारखं काढलं आणि जनुक तपासणी लिहून दिली. एमईएन-१ निघालं, म्हणजे घराण्यात चालत येणारा, अनेक ग्रंथींत गाठी करणारा आजार.

ऑपरेशन करायला हवं यावर तिन्ही सर्जनांचं एकमत. किती, यावर नाही. पहिले म्हणाले, स्कॅनवर उजवीकडची खालची एकच ग्रंथी उजळतेय, छोट्या चिरेतून तेवढीच काढू, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरे म्हणाले, चारही बघायच्या, साडेतीन काढायच्या, सोबत थायमस, म्हणजे छातीच्या हाडामागची ग्रंथी. तिसरे म्हणाले, चारही काढून एकीचे तुकडे हाताच्या स्नायूत पेरू.

आई म्हणते, सगळ्यात लहान असेल ते करा. भाऊ म्हणतो, एकदाच काय ते उरकून टाका. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे.

वडगावचा_राजू

ताई घाबरू नका हो. आमच्या आईचं थायरॉइड पूर्ण काढलं, सकाळी उठल्या उठल्या एक गोळी, बाकी ठणठणीत. काढायचं तर सगळंच काढा की, परत कटकट नको.

टिळकवाडी_कट्टा

राजू, ते थायरॉइड. ही त्याच्या पाठीमागे चिकटलेली वेगळी भानगड आहे, काम पण वेगळं. थायरॉइड गेलं तर एका गोळीवर भागतं. पॅराथायरॉइड सगळ्या गेल्या तर तसं भागत नाही, म्हणून तर धागा काढलाय.

कंठस्थ डॉक्टर आहेत का इकडे? हाक मारा कुणीतरी.

कंठस्थ

आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूळचा शहापूरचा, आपल्या बेळगावच्या शहापूरचा. अंतःस्रावी ग्रंथींची ऑपरेशनं करतो, सध्या गावाबाहेर. कागद न बघता लिहितोय, त्यामुळे हे मत आहे, सल्ला नव्हे.

पहिल्या सर्जनना नावं ठेवू नका. पॅराथायरॉइडचा आजार घेऊन येणाऱ्या शंभरांतल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. तिथे स्कॅनवर दिसली ती काढणं आणि बाकीच्यांना हात न लावणं हेच बरोबर. त्यांनी नेहमीच्या रुग्णाला द्यायचा सल्ला दिला. तुमचा भाऊ त्या शंभरांतला नाही, एवढंच.

एमईएन-१ मध्ये या जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते, अंगातल्या पेशीपेशीत. हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर, १९९७ मध्ये सापडलं. ते मेनिन नावाचं प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालतं. उरलेली चांगली प्रतही एखाद्या पेशीत बिघडली की तिथला लगाम सुटला. चारही ग्रंथींत हे होणारच असतं, फक्त एकाच वेळी होत नाही. म्हणून गळा उघडल्यावर एक ग्रंथी बोराएवढी, दुसरी वाटाण्याएवढी, तिसरी-चौथी जेमतेम फुगलेली दिसते. स्कॅनला बोर दिसतं. बोर काढलं की कॅल्शियम उतरतं, घरात पेढे वाटले जातात, आणि काही वर्षांनी वाटाण्याचं बोर होतं.

पन्नाशीपर्यंत एमईएन-१ असलेल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत हा पॅराथायरॉइडचा भाग उघड होतो, आणि बहुतेकांत तोच सगळ्यात आधी. मुतखड्याने सुरुवात होणं अगदी नेहमीचं. दुर्दैवाने खडा काढून कॅल्शियम न बघणं हेही नेहमीचं. पंचविशीच्या आत पुन्हा पुन्हा खडे होत असतील तर रक्तातलं कॅल्शियम बघायलाच हवं, तपासणी महागाची नाही.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्जनविषयी. दोघेही मान्य पद्धतीच सांगतायत. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन्ही आहेत: दोन्ही बाजू उघडून चारही ग्रंथी बघा, किमान साडेतीन काढा, किंवा चारही काढून रोपण करा. थायमस दोन्हींत काढायचा. कारण पाचवी, कधी सहावी ग्रंथी असते आणि ती लपायची आवडती जागा थायमस. शिवाय एमईएन-१ मध्ये थायमसमध्ये कार्सिनॉइड नावाची वाईट गाठ होऊ शकते, विशेषतः पुरुषांत आणि त्यातही बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत. गळ्यातून थायमस काढल्याने तो धोका कमी होतो, संपत नाही. भाऊ ओढत असेल तर आजच बंद.

साडेतीनची रीत सांगतो, कारण कारागिरी तिथे आहे. नॉर्मल ग्रंथी ३० ते ४० मिलिग्रॅमची. चारांपैकी जी सगळ्यात बरी दिसते, जिचा रक्तपुरवठा शाबूत आहे आणि जी आवाजाच्या नसेपासून लांब आहे, ती निवडायची. तिचा साधारण ५० मिलिग्रॅमचा तुकडा तिच्या रक्तवाहिनीवर तसाच ठेवायचा आणि धातूची बारीक क्लिप लावून खूण करायची. हे सगळं बाकीच्या ग्रंथी काढण्याच्या आधी करायचं. थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं दुसरं काम करायचं, परत येऊन रंग बघायचा. तुकडा काळा पडायला लागला तर अजून तीन ग्रंथी जागेवर आहेत, दुसरीचा तुकडा ठेवता येतो. क्रम उलटा केलात आणि शेवटचा तुकडा काळा पडला तर हातात काही उरत नाही. मग हाताच्या स्नायूत पेरणं आलंच.

अवांतर: या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या भारतीय गेंड्यात. तो मेल्यावर १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांनी विच्छेदन केलं तेव्हा. माणसातल्या दाखवल्या स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने १८८० मध्ये. आणि पहिलं ऑपरेशन १९२५ मध्ये व्हिएन्नात, रुग्ण ट्रामचा कंडक्टर.

चिकोडी_मळा

लय भारी लिवलंय डॉक्टर. म्हणजे ऊस तोडला तरी खोडवा फुटायचाच. प्रश्न एवढाच की बुडखा किती ठेवायचा.

कंठस्थ

हेच. बुडखा मोठा ठेवला तर लवकर फुटतो, मुळासकट काढला तर रान मोकळं, पण मग कॅल्शियम सांभाळायला शरीराकडे काहीच राहत नाही.

मलप्रभेकाठी

डॉक्टर, खूप आभार. आईला वाचून दाखवलं, गेंड्यावर ती हसली. आता पहिला पर्याय बाद झाला असं धरते. पण दुसरा की तिसरा? तिसरे डॉक्टर म्हणाले, हातात पेरलं की पुढे त्रास झाला तर गळा परत उघडायला नको, हातातून पूर्ण भूल न देता काढता येतं. ते मला फार पटलं.

निपाणीची_वहिनी

मी तिसऱ्या पर्यायातली आहे. ऑपरेशन कुठे, कुणी केलं ते लिहिणार नाही. हात चांगला होता त्यांचा, गळ्याचा व्रण आता शोधावा लागतो. आवाज पण ठीक. पण ज्या गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगते.

पेरलेली ग्रंथी लगेच काम करत नाही. धरायला काही आठवडे, कुणाकुणाला काही महिने लागतात. तोवर अंगात पीटीएच नाहीच. पहिल्या रात्री ओठांभोवती मुंग्या, मग बोटांच्या टोकाला. सिस्टर बीपी मोजायला आल्या, पट्टा फुगवला आणि माझा अंगठा आपोआप तळहातात वळला, बोटं चोच केल्यासारखी एकत्र आली. सुटेनात. त्यांनी पट्टा सोडला आणि धावत जाऊन इंजेक्शन आणलं. ते शिरेतून हळूहळू देतात, अंग गरम गरम होतं.

माझी थोडीशीच धरली. त्यामुळे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल कायमचं. कॅल्सिट्रिऑल म्हणजे साधं ड जीवनसत्त्व नव्हे हे मला केमिस्टला दर वेळी समजवावं लागतं. तो ६० हजारवाली आठवड्याची कॅप्सूल पुढे करतो. पीटीएच नसेल तर मूत्रपिंड साध्या ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप पुरेसं बनवत नाही, म्हणून तयार रूप घ्यावं लागतं. गौरी-गणपतीत, लग्नसराईत, जुलाब झाले की, गोळी चुकली की मुंग्या हजर. पर्समध्ये, गाडीत, माहेरी सगळीकडे पट्ट्या ठेवलेल्या असतात.

आणि एक: ज्या हातात पेरलंय त्या हातातून रक्त काढू देऊ नका. एकदा नवीन पोराने त्याच हातातून काढलं, पीटीएच हजारावर आलं आणि घरात रडारड. दुसऱ्या हातातून घेतलं तर जेमतेम.

मी तक्रार करत नाही. खडे थांबले, हाडं दुखायची थांबली. पण गावाकडे राहणाऱ्याने हे माहीत असून निवडावं.

कंठस्थ

वहिनींचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे (परवानगी असेल तर).

मलप्रभेकाठी, आता तुमच्या प्रश्नाकडे. पुस्तकी उत्तर असं: चारही काढून रोपण केलं तर आजार परतण्याचं प्रमाण थोडं कमी, पण पीटीएचची कायमची कमतरता राहण्याचं प्रमाण जास्त. बऱ्याच रुग्णालयांच्या नोंदींत पाचांत एक ते तिघांत एक इतकं. साडेतीनमध्ये उलटं: कायमची कमतरता कमी, पण वर्षं सरतील तसा आजार परतण्याचा आकडा वाढत जातो. दोन्ही पद्धतींची चिठ्ठ्या टाकून थेट तुलना करणारी एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त ३२, आणि दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. ३२ रुग्णांत दिसणार तरी किती? त्यामुळे "विज्ञानाने अमुक सिद्ध केलंय" म्हणणाऱ्या कुठल्याही सर्जनकडे जरा संशयाने बघा, माझ्यासकट.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते रुग्ण कुठे राहतो यावर, आणि ही गोष्ट परदेशी पुस्तकात सापडत नाही. आजार परतणं हा हळू येणारा शत्रू आहे. वर्षातून एकदा कॅल्शियम बघितलं तर तो दोन-तीन वर्षं आधी दिसतो, विचार करायला, पैसे जमवायला वेळ देतो. कॅल्शियम एकदम खाली जाणं रात्री दोनला येतं. जुलैत कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस कसा असतो ते मला शिकवायला नको. वीज नाही, ओढ्याला पाणी, गाडी बाहेर निघत नाही, आणि पोराचे हात वळायला लागलेत. शिरेतून कॅल्शियम देऊ शकणारी जागा खानापूर किंवा थेट बेळगाव. बेंगळुरूत इस्पितळाच्या समोर राहणाऱ्या रुग्णाशी मी रोपणावर चर्चा करेन. जांबोटीच्या वर राहणाऱ्या २७ वर्षांच्या मुलाला मी साडेतीनच सांगेन, तुकडा किंचित उदार ठेवून.

दुसरं कारण तुमच्या बाबांच्या अल्सरमध्ये आहे. एमईएन-१ मध्ये लहान आतड्याच्या सुरुवातीला आणि स्वादुपिंडात गॅस्ट्रिन बनवणाऱ्या गाठी होतात, आम्ल बेसुमार सुटतं. बाबांचं तेच असण्याची शक्यता दाट आहे. भावाला पुढेमागे ते झालं तर आम्ल कमी करणारी गोळी रोज, मोठ्या मात्रेत लागेल. आणि आपल्याकडे सर्रास मिळणारं कॅल्शियम कार्बोनेट पोटात आम्ल असेल तरच नीट शोषलं जातं. म्हणजे कायम कॅल्शियमवर जगणारा माणूस आणि आम्ल बंद करणारी गोळी ही जोडी वाईट. कॅल्शियम सायट्रेट घेता येतं, पण महाग आणि गोळ्या जास्त. ऑपरेशनआधी त्याचं गॅस्ट्रिन बघितलंय का? वाढलेलं असेल तरी पॅराथायरॉइडचं ऑपरेशन आधी करणं फायद्याचं, कॅल्शियम उतरलं की गॅस्ट्रिनही बऱ्याचदा उतरतं.

मलप्रभेकाठी

गॅस्ट्रिन कुणी सांगितलंच नाही. विचारते.

आईचा एक हट्ट शिल्लक आहे. ती म्हणते, आत्ता एकच काढा, परत वाढलं तर तेव्हा दुसरी काढू. पोराचं लग्न व्हायचंय, गळ्यावर मोठी चीर नको.

कंठस्थ

आईंना सांगा, चिरेत फरक बोटाच्या पेराएवढा आहे, आणि गळ्याच्या घडीत घेतली तर वर्षभरात मुरते. खरा फरक आतला आहे. एकदा उघडलेला गळा आतून चिकटतो. दुसऱ्या वेळी थर सुटत नाहीत, आवाजाची नस व्रणात गुंडाळलेली असते, उरलेल्या ग्रंथी ओळखू येत नाहीत. पुनःपुन्हा गळा उघडायचं टोक बघायचं तर चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाची हकिगत आहे. त्याला एमईएन-१ होतं असं नव्हे, पण गाठ सापडेना म्हणून ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली. सातव्या वेळी, १९३२ मध्ये, ती छातीत सापडली. तोवर उशीर झाला होता.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहितो. काही केंद्रं अगदी तरुण आणि सौम्य आजाराच्या रुग्णांत एका बाजूच्या दोन्ही ग्रंथी आणि त्या बाजूचा थायमस काढतात, दुसरी बाजू कोरी ठेवतात. पुढे परतलं तर न उघडलेल्या बाजूला जायचं. कायमची कमतरता जवळपास टळते. १७-१८ वर्षांची मुलगी, कॅल्शियम जेमतेम वर, खडे नाहीत, तर मी हा विचार करेन. तुमच्या भावाला खडे होऊन गेलेत, मूत्रपिंडं वाचवायची आहेत. मी करणार नाही.

वडगावचा_राजू

डॉक्टर गोळीनं नाही का होत? ऑपरेशन टाळायची काहीतरी गोळी असतीच की.

कंठस्थ

सिनाकॅल्सेट. कॅल्शियम उतरवते, ग्रंथी तशाच राहतात. मळमळ, खर्च, आणि आयुष्यभर. ऑपरेशन झेपणार नाही किंवा परत गळा उघडणं धोक्याचं आहे अशांसाठी ठेवणीतली.

कारवारी_बांगडा

माझ्या मामेभावाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर निघाला, जनुक आरईटी, कागदावर ६३४ असं लिहिलंय. त्याची एक पॅराथायरॉइड पण मोठी आहे म्हणे. हा धागा वाचून आम्ही पण साडेतीन काढायला सांगू का?

कंठस्थ

नको! बरं झालं विचारलंत. त्यांचं एमईएन-२, नाव सारखं, हिशेब पूर्ण वेगळा. तिथे पॅराथायरॉइडचा त्रास थोड्याच जणांना होतो, ६३४ (जनुकातली बिघाडाची जागा) असेल तर साधारण पाचांतल्या एकाला किंवा थोडा जास्त, आणि सौम्य असतो. फुगलेली दिसेल तेवढीच काढतात, बाकीच्या जपतात. थायरॉइड आणि लिम्फच्या गाठी काढताना चांगल्या पॅराथायरॉइड चुकून जाणं हाच तिथला मोठा धोका.

पण त्याहून महत्त्वाचं: गळ्याला हात लावण्याआधी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतली फिओक्रोमोसायटोमा गाठ आहे का हे तपासा. मेटानेफ्रिन नावाची तपासणी, रक्ताची किंवा चोवीस तासांच्या लघवीची. ती गाठ असेल आणि कुणाला माहीत नसेल तर भुलेखाली रक्तदाब आकाशाला भिडतो, माणूस टेबलावर जाऊ शकतो. गाठ निघाली तर आधी तिचं ऑपरेशन. भुलतज्ज्ञांना "घरात एमईएन-२ आहे" हे तुम्ही स्वतः तोंडाने सांगा, फायलीत आहे म्हणून गप्प बसू नका.

त्यांना मुलं असतील तर त्यांची जनुक तपासणी लगेच. ६३४ असलेल्या मुलाचं थायरॉइड पाच वर्षांचं होईपर्यंत काढायचा सल्ला असतो.

कारवारी_बांगडा

मुलगी चार वर्षांची आहे. फोन लावतोय.

दंतकथा

मी दातांचा डॉक्टर, कित्तूरकडे प्रॅक्टिस. एक तिशीतली बाई आली होती, खालच्या जबड्यात टणक गाठ, क्ष-किरणावर हाडासारखी. ऑसिफाइंग फायब्रोमा म्हणून पुढे पाठवली. तिच्या बहिणीचं "गळ्यातल्या कॅल्शियमच्या गाठीचं" ऑपरेशन झालंय असं बोलता बोलता म्हणाली. तेव्हा कान टवकारले नाहीत, आता टवकारतायत.

कंठस्थ

टवकारा. तिला परत बोलवा, कॅल्शियम आणि पीटीएच करा. सीडीसी-७३ नावाच्या जनुकाचा आजार असू शकतो: जबड्यात तसल्या गाठी, पॅराथायरॉइडचा विकार, कधी मूत्रपिंड आणि गर्भाशयातही गाठी. तिथे बहुधा एकच ग्रंथी मोठी असते, पण कर्करोग निघण्याची शक्यता १५ ते २० टक्के. एरवी पॅराथायरॉइडचा कर्करोग शंभरात एकही नसतो. त्यामुळे सुई घालून तुकडा काढायचा नाही, ऑपरेशनमध्ये आवरण फुटू द्यायचं नाही, संशय असेल तर लगतचा भाग एकसंध काढायचा. पेशी सांडल्या तर त्या गळ्यात रुजतात.

हे तीन आजार एका धाग्यात आले ते छान झालं. तिघांतही बिघाड पॅराथायरॉइडचाच, पण ऑपरेशन तीन प्रकारचं. जनुकाचा कागद हातात येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबावं.

टिळकवाडी_कट्टा

खर्चाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मोठ्या ऑपरेशनला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, त्यामुळे खाजगीत भरती व्हायच्या आधी ते कागद करा, नंतर धावपळ करून उपयोग नसतो. तिकडे महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, इकडच्या सरकारनं विरोध केला. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि सध्या कागद चालतात का, हे कोल्हापूर किंवा मिरजेच्या इस्पितळातल्या, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारून मगच पुढे जा.

चिकोडी_मळा

८६५ गावं काय, आधी बेळगाव कुणाचं ते

संपादक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे चारशे प्रतिसाद झालेत. इथले पुढचे सहा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

मलप्रभेकाठी

एंडोक्रायनच्या डॉक्टरांशी आणि दुसऱ्या सर्जनशी बोलणं झालं. गॅस्ट्रिन पाठवलं. साडेतीन आणि थायमस असं ठरतंय. आईला वहिनींचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर तिने हट्ट सोडला. भात कापणी उरकली की करायचं.

सर्जनना काय विचारू? समोर गेलं की काही सुचत नाही.

कंठस्थ

वर्षाला पॅराथायरॉइडची किती ऑपरेशनं करता, आणि त्यांतली आनुवंशिक किती, हे सरळ विचारा. चांगला सर्जन रागावत नाही. टेबलावर पीटीएच मोजायची सोय आहे का विचारा. पीटीएच रक्तात तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे शेवटची ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी ते निम्म्याखाली उतरलं की पुरेसं काढलं असा अंदाज बांधता येतो. एमईएन-१ मध्ये निम्म्यावर न थांबता ते नॉर्मलच्या पट्ट्यात यायला हवं. सोय नसेल तर ऑपरेशन होत नाही असं नाही, चारही ग्रंथी डोळ्यांनी बघणं त्याहून महत्त्वाचं. काढलेल्या ग्रंथींचे तुकडे गोठवून ठेवायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे, असेल तर उत्तम. कुठली ग्रंथी कुठे होती आणि तुकडा कुठे ठेवला, याचं चित्र डिस्चार्जच्या कागदावर मागून घ्या. वीस वर्षांनी दुसरा सर्जन गळा उघडेल तेव्हा तो तुम्हाला दुवा देईल.

ऑपरेशनआधी ड जीवनसत्त्व बघा. आपल्याकडे बहुतेकांचं कमीच असतं. फार कमी असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरून काढा, नाहीतर ऑपरेशननंतर भुकेलेली हाडं कॅल्शियम ओढून घेतात आणि नीट ठेवलेला तुकडाही पुरा पडत नाही. दूध बंद केलं असेल तर चालू करा. पाणी मात्र भरपूर.

निपाणीची_वहिनी

परवानगी आहे डॉक्टर, विद्यार्थ्यांना जरूर द्या. मलप्रभेकाठी, ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन आठवडे बेळगावात कुणाकडे तरी राहा, लगेच वर जाऊ नका. मुंग्या आल्या तर डॉक्टरांनी सांगितलेली जादा गोळी आधी घ्यायची, मग फोन.

मलप्रभेकाठी

अनगोळला मावशी आहे, तिच्याकडे ठेवतो. शेवटचं एक. आत्याला कळवलं, तर ती म्हणते माझं निदान झालंच आहे, माझी रक्त तपासणी कशाला? तिचे दोन मुलगे पण आहेत, १४ आणि ९ वर्षांचे. आणि माझं स्वतःचं पण राहिलंय.

कंठस्थ

आत्यांची गाठ माहीत आहे, कॅल्शियम कुणी बघितलंय का? मला शंका आहे. तुमच्या घरातला बिघाड नेमका कुठला ते आता माहीत आहे, त्यामुळे आत्या, तुम्ही आणि दोन्ही मुलगे, सगळ्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची. पूर्ण तपासणीपेक्षा ते बरंच स्वस्त. आत्यांत बिघाड सापडला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाही मिळाला तर सुटला, दरवर्षीच्या सुया नकोत. मिळाला तर आठव्या वर्षापासून दरवर्षी कॅल्शियम आणि पीटीएच, म्हणजे दोघेही वयात बसतात.

आत्यांचं रक्त घेताना कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि पीटीएच एकाच वेळी. पट्टा घट्ट बांधून फार वेळ ठेवला की कॅल्शियम खोटं वाढतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर पीटीएच खोटं कमी येऊ शकतं.

मलप्रभेकाठी

आत्या घेते ना! गेल्या दिवाळीपासून.

कंठस्थ

मग आठवडाभर बंद करून मगच रक्त द्यायला सांगा. डोक्यातल्या गाठीची गोळी मात्र चालू ठेवायची, ती बंद करायची नाही.